‘आणि’ की ‘किंवा’

गेल्या दिवाळीत फुटाळ्यावर फिरायला जाताना मी तीन शर्ट नेले होते. एक अंगात, दोन बॅगेत. बायको तीन आठवड्यांच्या सुट्टीवर विनिपेगहून नागपूरला आली होती आणि धरमपेठेतल्या एका सल्लागाराने आमची फाइल चाळून सांगितलं होतं, “फोटो कमी पडून राहिले, सर.” लग्नाचे फोटो चारशे होते, पण ते सगळे दोन दिवसांतले. त्याला वर्षभर पसरलेले फोटो हवे होते. आम्ही वर्षभर बारा हजार किलोमीटर लांब होतो, असं मी म्हटलं. तो हसला. “कपडे बदलून काढा ना. कोण पाहते?”

मग आम्ही फुटाळ्यावर निळ्या शर्टात फोटो काढला, अंबाझरीला पांढऱ्या शर्टात, आणि तेलंगखेडीच्या बागेजवळ, गाडीच्या मागच्या सीटवर बसून, मी तिसरा शर्ट चढवायला लागलो. वरचं बटण लावलेलं राहिलं होतं. डोकं आत अडकलं. बाहेरून ती इतकी हसत होती की शेंगदाणेवाला थांबून बघायला लागला. त्या दिवसाचा तिसरा फोटो त्यानंतर लगेच काढलेला आहे.

रात्री मी फोल्डर करायला बसलो. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा लिहायची होती. एका दुपारच्या तीन फोटोंना तीन वेगवेगळ्या तारखा द्यायच्या होत्या. फाइलचं नाव बदलण्यासाठी कर्सर लुकलुकत होता, आणि माझ्याने तारीख टाइप होईना. माणसं खरी, लग्न खरं, हसू खरं. खोटा असणार होता तो फक्त आठ अंकांचा एक आकडा. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे, तो या लेखात मांडतोय. खऱ्या गोष्टीचा पुरावा तयार करावा लागला, तर ती गोष्ट खरी राहते का? आणि त्याच्याही आधी, लग्न खरं आहे म्हणजे नेमकं काय आहे?

थोडी पार्श्वभूमी. ती २०१९ मध्ये शिकायला कॅनडात गेली, पुढे तिथे नोकरी लागली, पीआर मिळाला. आमचं लग्न ठरवून झालं, डिसेंबर २०२३ मध्ये, नागपुरात. सतरा दिवस एकत्र राहिलो आणि ती परत गेली. २०२४ हे वर्ष तिची नोकरी बदलण्यात आणि माझ्या आईच्या ऑपरेशनमध्ये गेलं. आता ती मला ‘स्पॉन्सर’ करणार आहे. मी मिहानमध्ये नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनीअर, पण या फाइलमध्ये मी एका बाईचा नवरा म्हणून जाणार आहे. गल्लीतले काका मला विचारतात, “म्हणजे तू नांदायला चालला?” हो काका, नांदायलाच चाललोय.

या अर्जात बरंच काही मागतात. कसे भेटलात, लग्नाला कोण होतं, कोणते विधी झाले, घरच्यांना आणि मित्रांना तुमच्याबद्दल माहीत आहे का. फोटो जास्तीत जास्त २०. आपसातल्या बोलण्याचा पुरावा म्हणून चॅट वगैरे जास्तीत जास्त १० पानं. आपल्याकडे लग्नाआधी छत्तीस गुण बघतात, तिकडे लग्नानंतर वीस फोटो. मला हे सुरुवातीला गमतीचं वाटलं होतं. मग मी नियमच वाचायला घेतले, कारण डॉक्युमेंटेशन न वाचता काही वापरायचं नाही ही कामातली सवय आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांमधलं चौथं कलम बनावट लग्नांबद्दल आहे. त्यात दोन गोष्टी तपासतात. एक, हे लग्न प्रामुख्याने इमिग्रेशनचा फायदा मिळवण्यासाठी केलं होतं का? दोन, हे लग्न आज खरं नाही का? २०१० पर्यंत या दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ होतं. म्हणजे अर्ज नाकारायचा तर दोन्ही गोष्टी असाव्या लागत : हेतूही तसा, आणि लग्नही खोटं. सप्टेंबर २०१० मध्ये नियम बदलला आणि तिथे ‘किंवा’ आलं. आता दोन्हींपैकी एक पुरे.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. एका ऑपरेटरने सगळं बदलतं. ‘आणि’च्या काळात एखादा माणूस कागदासाठी लग्न करून आला, आणि मग राहता राहता त्याचा संसार खरा झाला, तर नियमात त्याला जागा होती. ‘किंवा’ आल्यावर ती गेली. आज तुमचा संसार कितीही खरा असो, सुरुवातीचा प्रमुख हेतू चुकीचा ठरला की संपलं. म्हणजे कायद्याने एक जुना तात्त्विक प्रश्न एका शब्दात निकालात काढला : जे चुकीच्या कारणाने सुरू झालं, ते पुढे खरं होऊ शकतं का? ‘आणि’ म्हणत होतं, होऊ शकतं. ‘किंवा’ म्हणतं, आमचा संबंध नाही.

हे वाचल्यावर मी माझा स्वतःचा हेतू तपासला. तपासायला नको होता असं नंतर वाटलं.

तिचा बायोडेटा मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत जन्मतारीख, आणि तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरात ‘कॅनडा पीआर’. आईने तो फोटो झूम करून बाबांना दाखवला. झूम कुठे केला होता ते सांगायला नको. मीही तिथेच बघितलं. त्या आठवड्यात तीन बायोडेटा आले होते, आणि मी पहिला हाच उघडला. तो का उघडला, याचं उत्तर मला माहीत आहे.

मग मी एक दिवस जेवताना आजीला विचारलं, तुझं लग्न कसं ठरलं. आजी महालात राहते, ब्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, “माह्या बापानं मिल पाहूनच देल्लं न मले. तुह्या आजोबाचं तोंड कोनं पाह्यलं होतं?” मिल म्हणजे एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली, नागपूरच्या कित्येक घरांची चूल जिच्या भोंग्यावर चालायची ती. आजीच्या वडिलांच्या लेखी मिलची कायम नोकरी हाच त्या काळचा पीआर होता. आजोबांनी तरी काय पाहिलं असेल? खोलीवर स्वयंपाक करणारं कोणीतरी हवं होतं, एवढंच. पुढे मिल बंद पडली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे, जिथे आपण सिनेमाला जातो. आजोबांची नोकरी गेली तेव्हा ज्या कारणासाठी लग्न झालं होतं ते कारणच संपलं. आजीने पापड लाटले, शिवणकाम केलं, आणि आजोबा शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळलेले असताना त्यांना रोज स्वतःच्या हाताने भरवलं. या लग्नाचा एकही फोटो नाही.

‘किंवा’वाल्या नियमात आजी-आजोबांची फाइल टिकली नसती. प्रमुख हेतू : मिल.

मुद्दा असा की आपल्याकडे बिनहेतूचं लग्न मिळणं कठीण आहे. पुण्यात फ्लॅट, सरकारी नोकरी, एकुलता एक मुलगा, दहा एकर ओलिताची शेती, यांपैकी काहीतरी तिसऱ्या ओळीत असतंच. प्रेमविवाहातही हेतू असतात. ते बायोडेटावर ठळक छापत नाहीत, एवढाच फरक. त्यामुळे ‘हेतू होता का’ या प्रश्नाला जवळपास सगळेच दोषी ठरतील. ‘प्रामुख्याने’ हा शब्द सुटकेसाठी आहे, पण हेतूंचं वजन करायचा काटा कोणाकडे आहे? माझ्याकडेही नाही.

ब्रिटनने हा काटा बनवून पाहिला होता. १९८० च्या दशकात तिथे ‘प्रमुख हेतू’ नावाचाच नियम होता. आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, असं अर्जदाराने सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट सिद्ध करायची. याचा मोठा फटका भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून बायकोकडे जाऊ पाहणाऱ्या नवऱ्यांना बसला. एक युक्तिवाद असा असायचा की तुमच्या रीतीप्रमाणे मुलगी सासरी जाते, मग इथे मुलगा का येतोय? नक्कीच हेतू वेगळा आहे. म्हणजे आपल्याच गल्लीतल्या काकांचा प्रश्न, पण लेटरहेडवर. हा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला.

हेतू शुद्ध असला म्हणजे लग्न खरं होतं, हेही मला पटत नाही. आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध परदेशी जोडपं घ्या. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. त्यांनी दुसरं लग्न केलं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, आणि मी तिला शिकवणार, ही त्यांची अट होती. म्हणजे या लग्नाला घोषित प्रमुख हेतू होता, आणि तोही आज आपण ज्याला उदात्त म्हणू असा. १८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि अमेरिकेला पोहोचल्या. गोपाळराव नंतर गेले. तेव्हा व्हिसा नव्हता, वीस फोटो नव्हते, पण पत्रं होती. त्या पत्रांत गोपाळरावांचे टोमणे आणि संशय आहेत, आणि एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना आठवण करून दिली आहे की तुम्ही मला लहानपणी कसं मारलंत, अंगावर वस्तू कशा फेकल्यात, सोडून जायच्या धमक्या कशा दिल्यात. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय एकवीस.

आजच्या एखाद्या अधिकाऱ्याने ही फाइल पाहिली तर तो काय म्हणेल? विधिवत लग्न, कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार, हेतू शिक्षणाचा. मंजूर. पण त्यातल्या मुलीला काय काय सोसावं लागलं, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात येणार नाही. चांगला हेतू मारहाणीला माफ करत नाही, आणि तिसऱ्या ओळीतला पीआर आजीसारख्या संसाराची शक्यता संपवत नाही.

सुरुवातीलाच सगळं ठरतं असं मानण्याचा आणखी एक धोका आपल्याच इतिहासात आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात दावा केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. इथे सरकार म्हणत होतं, सुरुवातीला विधी झाला ना, मग लग्न खरं. नंतर काही घडलंच नाही, याला किंमत नाही. ‘किंवा’वाला नियम उलट्या दिशेने तेच म्हणतो : सुरुवात वाईट ना, मग लग्न खोटं. नंतर काय घडलं, याला किंमत नाही. दोन्हीकडे सुरुवातच सगळं ठरवते, आणि मधली वर्षं जगणाऱ्या माणसांचं म्हणणं गळून पडतं.

मग ‘नंतर’ सिद्ध कसं करायचं? याज्ञवल्क्यस्मृतीत वादाच्या निकालासाठी माणसांकडून मिळणारी तीन प्रमाणं सांगितली आहेत : लिखित, भुक्ती आणि साक्षी. लिखित म्हणजे कागद. साक्षी म्हणजे माणसं. भुक्ती हा शब्द मला फार आवडला. एखादी जमीन वर्षानुवर्षं कसणं, वापरणं, उपभोगणं, हाही तिच्या मालकीचा पुरावा. लग्नाचं तसंच आहे. लिखित माझ्याकडे आहे, महापालिकेच्या झोन कार्यालयातलं प्रमाणपत्र. साक्षी आहेत, साडेतीनशे पाहुणे आणि एक बँडवाला. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या आपल्या पुरावा कायद्यातसुद्धा उदाहरण दिलेलं होतं की दोघांचं लग्न झालंय का असा प्रश्न आला, तर मित्रमंडळी त्यांना नवरा-बायको म्हणूनच वागवत होती का, हे बघता येतं. पण भुक्ती? ती कुठून आणू? एकत्र राहायची परवानगी मिळावी म्हणून हा अर्ज आहे, आणि परवानगीसाठी एकत्र राहिल्याचा पुरावा चांगला समजला जातो. अशा कोडला आम्ही ‘सर्क्युलर डिपेंडन्सी’ म्हणतो, आणि ते चालत नाही.

या पोकळीतच तीन शर्ट येतात.

कामावर एकदा असं झालं होतं. वरून आदेश आला की टेस्ट कव्हरेज ऐंशी टक्के पाहिजे. आम्ही महिन्याभरात ऐंशी केलं. त्यातल्या निम्म्या टेस्ट काहीच तपासत नव्हत्या. कोड चालवायच्या आणि ‘पास’ म्हणायच्या. आकडा छान दिसत होता, आणि पुढच्याच रिलीजला सिस्टिम बसली. मोजमाप हेच ध्येय झालं की मोजमाप निरुपयोगी होतं, ही गोष्ट इंजिनीअर लोक ठेच खाऊन शिकतात. फोटोंचं तेच. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे : धूर दिसला की आग असल्याचं अनुमान करा. पण आता लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडायचं मशीन भाड्याने मिळतं. धुराची मागणी वाढली, की आगीशिवायचा धूरही वाढतो. आणि ज्याच्याकडे खरी आग आहे त्यालाही वाटायला लागतं, आपला धूर कमी पडतोय, मशीन आणू.

मी त्या अधिकाऱ्याला वाईट ठरवत नाही. खोटी लग्नं होतात. लग्न करून, पैसे घेऊन, बायकोला इकडेच टाकून निघून जाणारे एनआरआय नवरे इतके झाले की राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून त्यासाठी वेगळा कक्ष आहे. कोणीतरी नीट तपासावं, असं मलाही वाटतं. कॅनडाने २०१२ मध्ये आणखी कडक उपाय केला होता. बऱ्याचशा नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे, नाहीतर पीआर जाऊ शकतो, अशी अट. अशा अटीमुळे घरात मार खाणारी माणसं पीआर जाईल या भीतीने तिथेच राहतात, ही चिंता मोठी होती, आणि २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. भुक्ती सक्तीने वसूल केली की तिचं काय होतं, ते यातून दिसतं.

आता सांगायची टाळत असलेली गोष्ट.

चॅटची दहा पानं निवडायला बसलो तेव्हा मी फेब्रुवारी २०२५ वर आलो. त्या दिवसांत मी तिच्याशी फाइलशिवाय दुसरं बोलतच नव्हतो. टॅक्सचा कागद पाठव, नोकरीचं पत्र पाठव, पासपोर्टची सगळी पानं स्कॅन कर. एका रात्री तिला ताप होता. तिने तसं लिहिलं होतं. मी लिहिलं, “ओके, आराम कर. तो टॅक्सचा पेपर उद्या नक्की.” तिचं उत्तर दहा मिनिटांनी आलं : “तुला मी पाहिजे की माझा पीआर?” त्यावर मी जे लिहिलं ते इथे लिहिताना लाज वाटते. मी लिहिलं, “पीआरवाल्या मुली खूप आहेत.”

त्यानंतर एकोणीस दिवस त्या चॅटमध्ये काहीही नाही.

विसाव्या दिवशी, इथे संध्याकाळी साडेसहाला, मी मिहानहून घरी येणाऱ्या कॅबमध्ये होतो. तिचा फोटो आला, मजकुराविना. बर्फात उभी असलेली गाडी. तिथे थंडीत रात्री गाडीला विजेचा प्लग लावून ठेवतात, इंजिन गरम राहावं म्हणून. ती विसरली होती आणि बॅटरी बसली होती. सकाळचे सात, उणे तीस, शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल होती, पण लाल कुठे आणि काळी कुठे ते दोघांनाही नक्की माहीत नव्हतं. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. मी तिच्या गाडीचं मॅन्युअल शोधलं, कॅब वर्धा रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना एकेक पायरी वाचून दाखवली, आणि शेवटची काळी क्लिप बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लाव, हे चार वेळा ओरडून सांगितलं. गाडी सुरू झाली. आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली, “हात बधिर झालेत रे.” आणि मी रडलो, कॅबमध्ये, तीन सहकाऱ्यांसमोर.

याचा पुरावा काय आहे? कॉल लॉगमधली एक ओळ. ४१ मिनिटं.

त्याच रात्री मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, बायोडेटा उघडला तो पीआरमुळे. दुसऱ्यांदा भेटायला आलो तो पीआरमुळे नाही. आणि आज पीआर रद्द झाला, तू परत आलीस, तर मी स्टेशनवर गाडी घेऊन उभा असेन. ती म्हणाली, “विमानतळावर. नागपूरला विमानतळ आहे.”

तर दहा पानांत हे पान घालायचं की नाही? अधिकारी जो प्रश्न विचारणार, तोच प्रश्न माझ्या बायकोने मला विचारला होता, आणि लेखी विचारला होता. भाषांतरकार त्याचं इंग्रजी करून शिक्का मारून देईल. हजारो पानांतली दहा आम्हीच निवडायची आहेत. हे पान गाळलं तर कोणाला कळणारही नाही. सल्लागार म्हणाला, “हे? हे तर बापाले पण दाखवू नका.”

मला वाटत होतं, प्रामाणिकपणा म्हणजे ते पान द्यायचं. तिला तसं वाटत नव्हतं. ती म्हणाली, “तो प्रश्न मी तुला विचारला होता, सरकारला नाही. तू मला उत्तर दिलंस. विषय संपला. त्यांना हवं ते त्यांना देऊ, माझं भांडण मी का देऊ?” आम्ही यावर दोन रात्री बोललो. शेवटी एक कसोटी ठरवली : जे आपण दाखवत नाही, ते कळल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं आपलं उत्तर खोटं ठरतं का? न दाखवणं आणि खोटं दाखवणं यात फरक आहे. दाराला पडदा लावणं वेगळं आणि दारावर दुसऱ्याच घराचा नंबर लावणं वेगळं.

या कसोटीवर तीन शर्टांचे फोटो बाद झाले. तारखा बदलल्या की तो दुसऱ्या घराचा नंबर होता. भांडणाचं पान पडद्याआड राहिलं. पण त्या पडद्यामागे पीआरची गोष्ट दडवायची नाही, असं दोघांनीही ठरवलं, कारण तो प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार आहे. म्हणून सोबतच्या पत्रात मी साध्या भाषेत लिहिलं : स्थळ कॅनडातलं होतं, ते आमच्या घरी सगळ्यांना आवडलं होतं, मलाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावर आमचं भांडण झालं आणि एकोणीस दिवस आम्ही बोललो नाही. मग तिच्या गाडीची बॅटरी बसली. पुढे तीन ओळी बॅटरीबद्दल. सोबत कॉल लॉग.

सल्लागाराने ते वाचून मान हलवली आणि म्हणाला की हे पत्र त्याच्या ऑफिसमधून जाणार नाही. ठीक आहे, आम्ही स्वतःच भरतोय.

हे करून आम्ही फार नैतिक झालो असं नाही. ‘किंवा’वाला नियम तसाच आहे. माझी पहिली ओळ वाचून कोणी पेन टेकवू शकतो. मला त्याची भीती वाटते, रोज. पण तिने सही केलेला एक कागद मी परत परत बघतो. स्पॉन्सर म्हणून तिने सरकारला हमी दिली आहे : मला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं माझ्या मूलभूत गरजा भागवायची जबाबदारी तिची. मध्ये घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. अख्ख्या फाइलमध्ये मागे न बघता पुढे बघणारा हा कागद आहे. सुरुवातीला काय होतं, हे तो विचारत नाही. काय करशील, हे विचारतो. लग्नात सप्तपदीला आम्ही असंच काहीतरी म्हटलं होतं, पण तेव्हा गुरुजी घाईत होते आणि मला अर्थ कळला नव्हता.

माझं मत ‘आणि’च्या बाजूने आहे. सुरुवात महत्त्वाची आहे, ती लपवायची नाही. पण ती एकटी निकाल देऊ शकत नाही. नंतरचं तिच्या शेजारी ठेवून बघायला हवं. हे मी सरकारला सांगू शकत नाही. स्वतःला सांगू शकतो, आणि बायोडेटा झूम करून बघणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना. तिसरी ओळ बघून उघडला असेल तर उघडला. पुढे काय करताय?

हाताचे ठसे द्यायला बोलावलं की मुंबईला जावं लागेल. दुरंतोची तिकिटं मिळतात का ते बघतोय.

ते तीन फोटो मी डिलीट करत होतो. व्हिडिओ कॉल चालू होता. ती म्हणाली, पहिले दोन कर, तिसरा ठेव. मी म्हटलं, तोही खोटाच आहे की. ती म्हणाली, “तारीख खोटी घालणार होतास तू. हसत तर मी खरंच होते.”

त्या फोटोला मी खरी तारीख दिली आणि तो घरच्या फोल्डरमध्ये टाकला. फाइलमध्ये फोटो एकोणीसच गेले आहेत.